घट उठेपर्यंत

भीमसेनराव हुद्दार धारवाडच्या कोर्टात चौतीस वर्षं नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आणि येताना कोर्ट घरी घेऊन आले. माळमड्डीतल्या त्यांच्या घरात नियमाशिवाय पान हलत नसे. दूधवाल्यालासुद्धा उशिराचं कारण द्यावं लागे. त्यांच्या पत्नी अंबूताई म्हणत, "एवढा जन्म गेला, माझी केस काही बोर्डावर आली नाही." भीमसेनराव यावर मनापासून हसत आणि नियम जिथल्या तिथे ठेवत. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हे कोर्ट दोघांवरच चाले.

अशा माणसाच्या हाती यंदा पहिल्यांदाच घराण्याचा नवरात्राचा घट आला. आजवर तो जुन्या हुबळीत थोरल्या भावाकडे, अण्णांकडे बसायचा. अण्णा आता एक्याऐंशीचे. आषाढात न्हाणीघरात घसरून पडले तेव्हापासून त्यांचे हात थरथरायला लागले, आणि मुलगा श्रीनिधी तारिहाळच्या कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये अडकलेला. नऊ दिवस दिवा जागवायचा कुणी? म्हणून अण्णांनी देवीचा चांदीचा टाक रेशमी वस्त्रात गुंडाळून धाकट्या भावाच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, "भीमू, वाट्टेल ते होऊ दे, घट मधेच उठवू नकोस."

भीमसेनरावांना हे सांगायचीही गरज नव्हती. परडीत काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, वर कलश, रोज एक माळ आणि न विझणारा दिवा. घटी बसलेल्या माणसानं दाढी करायची नाही, पायात वहाणा घालायच्या नाहीत, गादीवर निजायचं नाही आणि गावची शीव ओलांडायची नाही. अर्थ साधाच आहे. नऊ दिवस देवी घरात पाहुणी म्हणून बसलेली असते, आणि पाहुणीला घरात बसवून यजमान गावभर हिंडत नाही.

या सगळ्याला एकच मोठी भीती असते, सुतकाची. भाऊबंदांत कुणी गेलं की घट त्याच घटकेला उठवायचा. एकदा संकल्प सोडल्यावर सुतक लागत नाही असं सांगणारे जाणते लोकही आहेत, पण हुद्दारांच्या घरात त्यांचं कुणी ऐकत नसे. त्यांच्याकडे वेगळी पळवाट होती. सुतक लागतं ते माणूस गेल्यावर नाही, तर ती वार्ता कानावर पडल्यावर. पन्नासेक वर्षांपूर्वी बेळगावचे चुलते गेल्याची तार ऐन अष्टमीला आली, तेव्हा अण्णांनी सही करून ती घेतली आणि न उघडता देव्हाऱ्यामागे सारली. दशमीला घट उठला, मग तार फोडली, मग घरादाराला आंघोळी घातल्या. त्या काळी तारेतून दुसरं काय यायचं? सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. दर दसऱ्याला पुरणपोळीच्या पंगतीत ही गोष्ट निघायची आणि अण्णांच्या हुशारीला सगळे हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता सांगणं अवघड आहे.

तिसऱ्या माळेला श्रीनिधीचा फोन आला. अण्णांना दम लागतोय, डॉक्टर दोन दिवस ठेवून घेतो म्हणालेत.

"जाऊन बघून येऊया की हो," अंबूताई म्हणाल्या. "चिगरी बसमधे बसलं की पाऊण तासात हुबळी."

"घटी बसलोय मी. शीव ओलांडायची नाही."

"शीव कुठली आली मधे? महानगरपालिका एक. महापौर एक. घरपट्टीच्या कागदावर हुबळी-धारवाड एकच नाव छापतात की."

भीमसेनराव विचारात पडले. मुद्दा कायद्याला धरून होता. त्यांनी दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली आणि निकाल दिला, "देवीला महानगरपालिका लागू नाही. नवलूर गेलं की शीव संपली." खरं तर त्यांचाही जीव वर-खाली होत होता. पण अण्णांचाच घट सोडून अण्णांकडे गेलं, तर अण्णाच काठी घेऊन मागे लागतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

अण्णांचा रोज सकाळी आठला फोन यायचा. विचारायचे एकच, "आज काय केलंय?" म्हणजे फराळाला काय केलंय. भीमसेनराव म्हणायचे उप्पीट, किंवा अवलक्की, म्हणजे पोहे, आणि अण्णा म्हणायचे, "आमच्याकडं पण तेच." बोलणं संपलं. वडील गेले तेव्हा अण्णा अठरा वर्षांचे होते आणि भीमू दहाचा. अण्णांनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाले आणि भावाला बी. ए. केलं. त्याबद्दल दोघं कधीही बोलले नाहीत. जे काय बोलायचं ते उप्पिटाबद्दल.

चौथ्या माळेला आठचा फोन आला नाही. पाचव्यालाही नाही. इस्पितळात असल्यावर कसा येणार?

सहाव्या माळेला दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. भीमसेनराव नुकतेच पाठ संपवून पाटावरून उठले होते. पडद्यावर श्रीनिधीचं नाव.

"काका," श्रीनिधी म्हणाला, "अण्णा..." आणि त्याला रडू कोसळलं.

भीमसेनरावांच्या अंगठ्यानं त्यांना न विचारता फोन बंद केला. बोलणं तोडलं, एवढंच नाही, तर बाजूचं बटण दाबून धरून फोन पुरता विझवला. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचा अंबूताईंचा फोन उचलला, तोही विझवला आणि दोन्ही फोन कपाटात कपड्यांखाली ठेवले.

अंबूताई परातीतल्या कणकेत हात घालून बघत राहिल्या. "कुणाचा होता?"

"कुणाचा नाही."

"अहो, श्रीनिधीचा काय?"

"मी काही ऐकलेलं नाही. तू काही विचारलेलं नाहीस. दशमीला घट उठला की बघू."

अंबूताईंचा चेहरा पडला. त्यांनी ओठ आवळले आणि कणीक तिंबायला लागल्या. नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघून त्यांना सगळं कळलं, म्हणजे त्यांना जे वाटलं ते कळलं. थोड्या वेळानं मात्र त्यांच्यानं राहवलं नाही. "कोर्टात नोटीस घ्यायला नकार दिला की ती बजावली असंच धरत होता ना तुम्ही?"

"हे कोर्ट नाही," भीमसेनराव म्हणाले. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. अण्णा गेले, हे पक्कं. नाहीतर श्रीनिधीसारखा थोराड बाप्या असा का रडेल? आत्ता नेत असतील. आत्ता अग्नी दिला असेल. आपण जायला हवं होतं, खांदा द्यायला हवा होता, आणि आपण इथे झेंडूची माळ ओवतोय. हुंदका आला की गिळायचा, कारण रडणं म्हणजे कबुली, आणि कबुली दिली की घट उठला. फारच अनावर झालं तर परसात धुण्याच्या दगडाशी जायचं, नळ मोठा सोडायचा आणि तोंडावर पाणी मारत राहायचं. आत येऊन पुन्हा पाय धुऊन देवीसमोर बसायचं. अण्णांनी सोपवलेला घट अण्णांच्याच मरणानं उठू द्यायचा नाही, एवढं एकच काम त्यांच्या हाती उरलं होतं आणि ते त्यांनी घट्ट धरून ठेवलं. सकाळचे आठ वाजले की मान आपोआप कपाटाकडे वळायची.

अष्टमीच्या दुपारी फाटक वाजलं. श्रीनिधीची बायको दीपश्री रिक्षातून उतरून आत येत होती. भीमसेनराव ओसरीवरच होते.

"तिथंच थांब!" ते ओरडले. "आत येऊ नकोस!"

दीपश्री फाटकात थबकली. पोरगी घामाघूम झाली होती. "काका, अण्णा..."

"काही बोलू नकोस! एक अक्षर बोलायचं नाही. मला सगळं कळतं. मी दशमीला येतो. सांग जा, काका दशमीला येतो म्हणाले."

"तसं नव्हे काका, माझं ऐकून तरी..."

भीमसेनरावांनी दोन्ही कानांवर हात दाबले आणि मोठमोठ्यानं देवीचं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, आठ दिवसांची पांढरी खुरटी दाढी, अनवाणी, डोळे घट्ट मिटलेले, भर दुपारी रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. समोरच्या घरातल्या बाई गच्चीवर आल्या. दीपश्रीचे ओठ हलत राहिले. मग ते थांबले. तिनं डोळे पुसले आणि ती रिक्षाकडे परत गेली. अंबूताई सोवळ्यात होत्या, त्या हात पुसत बाहेर धावल्या, तोवर रिक्षा वळलेली.

रात्री जेवणं उरकल्यावर अंबूताई म्हणाल्या, "एक बोलू?"

"नको."

"तिच्या केसात अबोली होती."

भीमसेनरावांनी चटई उलगडली.

"सुतकाच्या घरातली बाई फूल माळत नाही हो. मी खिडकीतून नीट पाहिलं. चार बोटं गजरा होता."

"माळला असेल. आजकालच्या मुलींना कुठं काय कळतं?"

"दीपश्रीला कळतं. मीच शिकवलंय तिला." अंबूताई कपाटाकडे वळल्या. "फोन काढू काय? नुसता लावते. तुम्ही परसात जावा, मी ऐकते."

हा क्षण त्यांच्या हातात होता. भीमसेनरावांना तो दिसलाही. पण मनात आशा आली की तिच्यामागून काय काय येईल याची त्यांना धास्ती वाटली. फोन लावायचा, आणि श्रीनिधीनं सांगायचं, काका, परवाच गेले, तुम्ही फोन ठेवलात. म्हणजे अण्णा दुसऱ्यांदा जाणार, आणि घटही जाणार, नवमीच्या आदल्या रात्री, एका गजऱ्यापायी. "तुझ्या कानावर आलं म्हणजे घरात आलं," ते म्हणाले. "दोन दिवस राहिलेत. अण्णांचा शब्द आहे माझ्यावर." एवढं बोलून ते चटईवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अंबूताई कपाटापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या नियमांना त्या हसत आल्या, ते मोडायची सवय त्यांनी कधी लावून घेतलीच नव्हती. शेवटी त्यांनी खोलीतला विजेचा दिवा मालवला आणि निजल्या.

दशमी उजाडली. परडीत धान्य वीतभर वाढून पिवळंधमक झालं होतं. भीमसेनरावांनी नैवेद्य दाखवला, आरती केली, अक्षता टाकून घट हलवला. नऊ दिवस दिवा एकदाही विझला नव्हता. "अण्णा, पार पडलं," ते मनात म्हणाले, आणि मग मात्र देवीसमोरच मोकळेपणानं रडले. अंबूताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. घट उठला होता, आता रडायला हरकत नव्हती.

समोरच्या बाई बन्नीची पानं घेऊन आल्या. धारवाडात दसऱ्याला शमीची पानं देतात, तिला बन्नी म्हणतात, सोनं म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतात. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण्री," त्या म्हणाल्या, बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया. घ्यावी की न घ्यावी? भीमसेनराव घोटाळले. पण वार्ता अजून कानावर आलेली नव्हती, आणि मानायचं तर पुरतं मानायचं, म्हणून त्यांनी पानं घेतली, परत दिली, आणि गोड बोलले.

अंबूताईंनी कपाट उघडून फोन हातात घेतला, पण भीमसेनरावांनी थांबवलं. "फोनवर नको. अण्णांच्या दारात जाऊन ऐकतो. तेवढं तरी स्वतः जाऊन ऐकायला हवं."

दुपारी दोघं चिगरीत बसले. नऊ दिवसांनी वहाणा घातल्यामुळे भीमसेनरावांना पाय दुसऱ्याचे वाटत होते. नवलूर मागे गेलं. रस्त्यावरच्या साऱ्या गाड्यांना झेंडूचे हार, दुचाकीवर नव्या साड्या, पोरांच्या हातात पानांच्या डहाळ्या. सगळं गाव सीमोल्लंघनाला निघालं होतं आणि त्यात हे दोघं. भीमसेनराव मनातल्या मनात हिशेब मांडत होते. षष्ठीला गेले, म्हणजे आज पाचवा दिवस. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. दहाव्याला घाटावर आपण असू, निदान पिंडाला तरी असू. श्रीनिधी रागावला असेल. त्याचे पाय धरायचे, पुतण्या असला म्हणून काय झालं.

जुन्या हुबळीत बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली, पुढे जाईना. बोळात माणसं उभी होती. अण्णांच्या घराच्या पायरीशी दोघं जण हिरव्या बांबूंना सुंभ आवळत होते. मडकं होतं, गोवऱ्या धुमसत होत्या. भीमसेनराव चक्रावले. या घरावर काय संकट आलंय? पाच दिवसांत दुसरं? श्रीनिधीला तर काही झालं नाही ना? त्यांनी बांबू बांधणाऱ्या माणसाला कानडीत विचारलं, "यारु होदरु?" कोण गेलं?

"हुद्दार अज्जारु री," तो मान वर न करता म्हणाला. हुद्दार आजोबा. "इवत्त मुंजानी." आज सकाळी.

"नाही, नाही," भीमसेनराव त्याची चूक दुरुस्त करत म्हणाले, "त्यांना पाच दिवस झाले."

त्या माणसानं मान वर करून पाहिलं. त्यांची दाढी पाहिली, मागे उभ्या अंबूताईंना पाहिलं, आणि तो पुन्हा मान खाली घालून सुंभ आवळायला लागला. अंबूताईंनी तोंडावर पदर घेतला. त्यांना कळलं होतं. भीमसेनरावांना कळायला घरात जावं लागलं.

बाहेरच्या खोलीत अण्णांना जमिनीवर घेतलं होतं. चेहरा ओळखीचा, गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, अगदी भीमसेनरावांच्या दाढीएवढी. श्रीनिधी उठून उभा राहिला. तो रागावला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुमचीच वाट बघत होतो, काका. तुमच्याशिवाय न्यायचं नव्हतं. सकाळपासून फोन लावतोय."

"आज गेले?"

"पहाटे. डॉक्टरांनी सहाव्या माळेलाच घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आमच्या हातात आता काही नाही म्हणाले. तेव्हा तुम्हाला फोन केला. मला रडू आवरेना. तुम्ही ठेवलात. मला वाटलं, तुम्हाला घट मोडायचा नाही."

"मला वाटलं..." भीमसेनराव म्हणाले. त्यांनी अण्णांच्या पावलांना हात लावला. पावलं गार होती. चार दिवस ते ज्याच्यासाठी नळाखाली रडले, तो माणूस ते चारही दिवस इथे, दहा कोसांच्या आत, श्वास घेत होता. आणि घट तर तसाही उठायचा नव्हता. अण्णांनी नवमी ओलांडली होती.

दीपश्री कोपऱ्यात बसली होती. ते तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले. "काय म्हणाले अण्णा?"

"मी तुमच्याकडून परत आले तेव्हा सांगितलं, काका दशमीला येतो म्हणालेत. तेव्हा म्हणाले, मग येईल तो. नंतर सारखं विचारत होते, आज कितवी माळ. काल संध्याकाळपासून बोलणं बंद झालं. मग नुसतं दाराकडं बघत होते."

"आणि त्या दिवशी तू मला काय सांगायला आली होतीस?"

"आता कशाला, काका?"

"सांग. मी ऐकतो. जसं सांगणार होतीस तसंच सांग."

दीपश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. मग खाली मान घालून, फाटकात उभं राहून जे बोलायचं राहिलं होतं, ते तिनं हळूहळू सांगितलं. "काका, अण्णा शुद्धीवर आहेत. भीमूला बोलवा, भीमूला बोलवा म्हणून हट्ट धरून बसलेत. मी रिक्षा थांबवून ठेवलीय. दहा मिनिटं तरी चला."

भटजी दारातून म्हणाले, आता उशीर नको, दिवस कलतोय. माणसं आत आली.

भीमसेनरावांनी एक हात जमिनीला टेकला आणि दुसऱ्यानं वहाणा चाचपत ते उठायला लागले. "चल," ते दीपश्रीला म्हणाले, "चल लवकर." अंबूताईंनी त्यांना दंडाला धरून पुन्हा खाली बसवलं.